टिचकी

बदलीच्या नोकरीत माणसाला नकळत एक सवय जडते. दुकानात एखादी वस्तू मनात भरली, तरी ती सुंदर आहे की नाही हा विचार मागाहून येतो. आधी मनात येते ते हे, की पुढच्या बदलीत ही टिकेल काय? काचेच्या दारांचे कपाट, चिनी मातीची मोठी बरणी, नाजूक पायांची कोरीव खुर्ची, अशा कितीतरी वस्तूंकडे मी गेली तेहतीस वर्षे दुकानाच्या पायरीवरूनच पाहत आलो आहे. मालमोटारीवरचा हमाल आणि रस्त्यावरचा खड्डा हे दोन परीक्षक जिला उत्तीर्ण करतील तीच वस्तू आमची, असा आमच्या घरचा दंडक. परमुलखात नोकरी करणाऱ्या पुष्कळ वाचकांच्या घरीही तो असेलच.

या कसोटीला सर्वांत उत्तम उतरलेली वस्तू म्हणजे माझ्या वडिलांची सायकल. ते राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. आसनसोलच्या कारखान्यात तयार झालेली ही काळी रॅले त्यांनी १९६४ साली कोल्हापुरास जाऊन विकत घेतली आणि एस. टी.च्या टपावर घालून घाटाखाली आणली. पुढे ती माझ्याकडे आली. रायपूर, विशाखापट्टणम, झाशी असा प्रवास करीत आता ती तंजावरला आमच्या सरकारी निवासाच्या जिन्याखाली विसावली आहे. वजन वीस किलोच्या घरात, ब्रेक दांड्यांचे, घंटी अद्याप खणखणीत. मी रविवारी तिच्यावरून भाजी आणतो, आणि तेवढ्यापुरते मला आपण अजून कुणाच्या तरी धाकात आहोत असे वाटते.

गेल्या वर्षी तिच्या शेजारी दुसरी सायकल येऊन उभी राहिली. माझी मुलगी बंगळूरला नोकरी करते. तिचे काम घरी बसून होण्यासारखे असल्यामुळे काही महिने ती आमच्याकडे राहावयास आली, आणि येताना आपल्या पगारातून घेतलेली कार्बनची सायकल बरोबर घेऊन आली. डोंगरातल्या पायवाटांवरून, दगडांवरून आणि मुळ्यांवरून वेगाने उतरण्यासाठी केलेली ही सायकल. टायर रुंद, पुढचा चिमटा धक्के गिळणारा, मागच्या चाकालाही पंपासारखी एक आखूड नळी जोडलेली. सारी मिळून तेरा-चौदा किलोंची. नुसती फ्रेम तीन किलोंच्या आसपास. किंमत ऐकून मी गप्प बसलो. मुलीने स्वतः मिळवलेल्या पैशांचा हिशेब बापाने विचारू नये, एवढे शहाणपण मला या वयात आले आहे. मी फक्त फ्रेमच्या नळीवर बोटांनी टकटक केले आणि म्हणालो, “हे प्लॅस्टिक आहे की काय?”

“बाबा,” ती म्हणाली, “विमाने याचीच करतात.”

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा होता. पर्वतावर चालवायची सायकल घेऊन ही मुलगी आली होती कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात! या मुलखाइतकी सपाट भूमी मी क्वचितच पाहिली असेल. कल्लणैच्या प्राचीन धरणापाशी कावेरीच्या पाण्याची वाटणी होते; तेथून वेण्णार, कुडमुरुट्टी, अरसलार अशा शाखा निघतात, शाखांतून पाट, पाटांतून चारी, आणि शेवटी बोटभर ओहोळ होऊन ते पाणी कुणा शेतकऱ्याच्या भातखाचरात शिरते. पाण्याला वाहता येईल इतकाच काय तो येथला उतार. मेट्टूरचे दरवाजे १२ जूनला उघडावयाचे, असा जुना परिपाठ. पाणी वेळेवर आले तर कुरुवैचे पीक, नाहीतर सांबाची वाट पाहायची. या सपाटीवर उंच म्हणून दाखवण्यासारखे एकच शिखर आहे, ते बृहदीश्वराचे विमान. आणि तेही माणसाने रचलेले, राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले.

तथापि सायकलवाल्यांना उपद्व्यापाची जागा शोधून काढण्याची एक दृष्टी असते. पहिल्या आठवड्यात तिने पुदु आरुच्या, म्हणजे १९३४ च्या सुमारास निघालेल्या कल्लणै कालव्याच्या, बांधावरून फेऱ्या मारल्या. उन्हाळ्यात हे बांध वाळून खडखडीत होतात. गाडीच्या चाकोऱ्या, गुरांच्या खुरांचे खळगे आणि पाण्याच्या दरवाजांपाशी बसवलेले दगड यांनी सायकलस्वाराची हाडे खिळखिळी करण्याची चांगली सोय असते. पुढे तिला वल्लमचा शोध लागला. तंजावरहून नैर्ऋत्येला काही मैल गेले की त्रिभुज प्रदेशाची काळी, चिकट माती संपते आणि जमीन थोडी उंचावून तांबडी होते. तेथे झुडपे आहेत, ओघळींनी कापलेले उतार आहेत, आणि उघडा पडलेला तांबडा दगड आहे. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी थबकलो. तो आमचा जांभाच होता! कोकणात ज्याचे चिरे काढून घरे बांधतात, गडगे रचतात, तोच सच्छिद्र, कडेला करवतीसारखा असणारा दगड येथे कावेरीच्या दारात पसरलेला. माणसाला परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा तसे मला झाले. हा गावकरी पुढे काय करणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

त्या सुमारास कोल्ली डोंगरावर जाण्याचा तिचा बेत ठरला होता. नामक्कल जिल्ह्यातला हा डोंगर त्याच्या रस्त्याच्या सत्तर वळणांसाठी प्रसिद्ध आहे. बंगळूरची तिची मित्रमंडळी शनिवारी तेथे जमणार होती आणि रस्ता सोडून आडवाटांनी उतरणार होती. बुधवारी सकाळी जिन्याखालून माझी सायकल काढताना सहज माझा हात तिच्या सायकलच्या खालच्या नळीवर पडला. पुढच्या चिमट्याच्या मुळापासून पायडलांच्या धुऱ्याकडे तिरपी उतरणारी ही जाड नळी. तिच्या पोटाला कारखान्याने रबराची पट्टी लावलेली असते, पुढच्या चाकाने उडवलेला दगड तेथे लागतो म्हणून. त्या पट्टीच्या कडेला, जरा वर, अंगठ्याएवढ्या जागेतला रंग उडाला होता आणि मध्ये केसासारखी एक रेघ होती. रेघेच्या टोकाला तांबडी धूळ.

“कधी पडलीस?”

“सोमवारी. वल्लमला. काही झालेले नाही, बाबा. नुसता रंग गेला आहे.”

सोमवारपासून ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालत होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

दगडाने फ्रेमवर घाव घालावा, आणि घाव घालणारा दगड जांभाच असावा, हा प्रसंग आमच्या घराण्यात दुसऱ्यांदा घडत होता. १९७९ च्या पावसाळ्यात वडील मला कॅरियरवर बसवून बाजारातून येत होते. उतारावर म्हैस आडवी आली आणि आम्ही सरळ गडग्यावर गेलो. मला खरचटले, वडिलांचे कोपर सुजले, आणि सायकलचा चिमटा वाकून पुढचे चाक खालच्या नळीला टेकले. नळीवरही कातडीवर पडावी तशी एक सुरकुती उमटली. एवढ्या नुकसानीला पंचनामा लागत नव्हता. ते सारे डोळ्यांना दिसत होते. वडिलांनी सायकल खांद्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी गावच्या लोहाराने चिमटा तापवून सरळ केला, आणि सुरकुतीवर बोट फिरवून तो म्हणाला, “गुरुजी, हिच्यावर नजर ठेवा. ही पसरू लागली तर मला सांगा.” वडिलांनी पुढची तीस वर्षे तिच्यावर नजर ठेवली. ती सुरकुती आजही आहे, तेवढीच आहे.

तेव्हा माझ्या मनात निकाल आधीच लागलेला होता. पोलाद ते पोलाद! ते वाकते, पण मोडण्याआधी सांगते. लोहाराला कळते, गुरुजींना कळते, बारा वर्षांच्या पोरालाही कळते. आणि हे नवे दैवत? तीन किलोंची, लाखांनी मोजायची, आणि एका दगडाने हिच्या जिवाची शाश्वती जाते! मी हे सारे मुलीला ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग आपली बाजू मांडली. ती मला वाटली होती त्याहून पुष्कळ भक्कम होती.

ती म्हणाली की, फ्रेम बाजारात येण्यापूर्वी तिची परीक्षा होते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पायडलांवर एक लाख वेळा आळीपाळीने जोर देतात, साडेबावीस किलोंचे वजन वरून टाकतात, आणि एवढे करून ती तडकता कामा नये. धातूला शीण येतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसे ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे दर धक्क्यागणिक थोडे थोडे आयुष्य सरत असते. चांगल्या कार्बनला असा शीण जवळजवळ येतच नाही. नेहमीच्या धक्क्यांनी तो दहा वर्षांनीही पहिल्यासारखाच राहतो. “आणि तुमची रॅले,” ती म्हणाली, “आतून किती गंजली आहे ते तुम्ही कधी पाहिले आहे काय?” मी पाहिले नव्हते. कोकणातल्या पंचेचाळीस पावसाळ्यांचे पाणी त्या नळ्यांत कोठवर पोहोचले असेल, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. आपल्या जुन्या वस्तूंविषयी आपण फार लवकर कवी होतो.

वाद मिटेना, म्हणून दोघेही तिरुक्काट्टुप्पळ्ळीच्या वाटेवरच्या एका खेड्यात माझ्या ओळखीच्या सायकलवाल्याकडे गेलो. चिंचेखाली टपरी, पुढे पंक्चरसाठी पाण्याची लोखंडी घमेली, बाजूला शाळेच्या मुलांच्या सायकलींची रांग. तमिळनाडूत अकरावीतल्या मुलामुलींना सरकारकडून सायकल मिळते, तेव्हा या माणसाला कामाचा तोटा नाही. मोडक्या फ्रेमला पितळेचा डाग देऊन जोडण्यात त्याचा हात धरणारा या पंचक्रोशीत कुणी नाही. त्याने कार्बनची सायकल एका बोटाने उचलून पाहिली, हसला, रेघेवर नख फिरवले, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

“अण्णा, ठीक आहे ना?” मुलीने विचारले.

“पोलाद असते तर मी सांगितले असते,” तो म्हणाला. “ते तापवता येते, ठोकता येते, ते कोठे दुखते ते मला कळते. हे मला कळत नाही. जे कळत नाही त्याला ठीक आहे म्हणणार नाही, आणि वाईटही म्हणणार नाही. सार, हे ज्याला कळते त्याला दाखवा.”

नोकरीत मी शेकडो अभिप्राय वाचले आहेत आणि स्वतःही लिहिले आहेत. इतका स्वच्छ अभिप्राय क्वचितच वाचला असेल. संध्याकाळी ज्या दुकानातून सायकल घेतली होती तेथे मुलीने दूरध्वनी केला. तेथून उत्तर आले की छायाचित्र पाठवा. छायाचित्र पाठवल्यावर, छायाचित्रावरून काही सांगता येत नाही. आणि पडल्यामुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही. तिन्ही वाक्ये खरी होती आणि तिघांचा मिळून उपयोग शून्य होता.

ज्याला कळते असा माणूस आमच्या भिंतीपलीकडेच राहत होता. आमचे शेजारचे काका तंजावरी मराठी. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास येथे राज्यावर आले. त्यांच्या मागोमाग येऊन जी घराणी कावेरीकाठची झाली त्यांपैकी यांचे एक. त्यांच्या मराठीत आमच्याकडे पोथीत गेलेले शब्द सहज येतात आणि वाक्य तमिळच्या चालीवर चालते. पण काकांचे आयुष्य पोथ्यांत गेले नाही. ते विमानदलात विमानांच्या दुरुस्तीवर होते. गुरुवारी सकाळी त्यांनी सायकल आपल्या पडवीत उलटी उभी करवली, घरातली माणसे आणि पंखा दोन्ही बंद करवले, आणि खिशातून एक रुपयाचे नाणे काढले.

नाण्याच्या कडेने ते नळीवर हलक्या टिचक्या मारीत चालले. टक्, टक्, टक्, असा कोरडा, उंच आवाज बोटाबोटाच्या अंतराने येत होता. रेघेपाशी आल्यावर आवाज बदलला. तो मोठा झाला नाही की लहान झाला नाही. फक्त बसका झाला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. काका पुढे गेले, आवाज पुन्हा उजळला. मागे आले, पुन्हा बसला. त्यांनी पेन्सिलीने आवाजाची हद्द आखून घेतली. उडालेला रंग अंगठ्याएवढा होता; पेन्सिलीची हद्द लिंबाएवढी झाली.

मला एकदम वडिलांची आठवण झाली. मे महिन्यात ते फणसाखाली उभे राहून प्रत्येक फळावर अशाच टिचक्या मारीत आणि कोणता पिकला ते सांगत. येथे तंजावरात वीणा करतात त्याही फणसाच्याच लाकडाच्या. घावाचा, पिकण्याचा आणि सुराचा असा तिहेरी पत्ता एका टिचकीत लागतो, हे मला माहीत असूनही कधी एकत्र सुचले नव्हते.

काकांनी मग आम्हाला समोर बसवून जे सांगितले ते थोडक्यात असे. कार्बनचा तंतू माणसाच्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका बारीक असतो. असे हजारो तंतू एका दिशेने मांडून, राळेसारख्या चिकट द्रव्यात भिजवून, त्यांच्या पातळ पट्ट्या करतात. तैवानच्या किंवा चीनच्या कारखान्यांत कामगार अशा शेकडो पट्ट्या हाताने एकावर एक बसवतात. काही उभ्या, काही आडव्या, काही तिरप्या. कारण तंतू बलवान असतो तो फक्त आपल्या लांबीच्या दिशेने, बांबूसारखा. ज्या अंगाने जोर येणार त्या अंगाने तंतू घालावयाचे. मग साच्यात घालून, आतून फुगा फुगवून, शंभरांहून अधिक अंशांवर ती राळ पक्की करतात. पोलादाची ताकद खाणीतून आणि भट्टीतून येते. याची ताकद मांडणीतून येते.

“म्हणून, बाळ, तू म्हणतेस ते खरे,” काका मुलीकडे वळून म्हणाले. “ज्या जोरासाठी हिची मांडणी केली तो जोर ही वर्षानुवर्षे सोसील. आणि साहेब, तुम्हीही म्हणता ते खरे. जो घाव मांडणीत धरलेला नाही, आडव्या अंगाने, टोकदार वस्तूचा, एकाच बिंदूवर, तो बसला की वरून रंगाचा टवका जातो आणि आत थर थरापासून सुटतो. पोलाद वाकून तक्रार करते. हे तक्रार करीत नाही. बाहेरून उभे राहते, आणि पुढल्या मोठ्या जोराला एकदम हात सोडते.”

त्यांनी एक जुनी हकिकत सांगितली. रोल्स रॉइसने एका नव्या विमानइंजिनासाठी पंख्याची पाती कार्बनच्या तंतूंची केली होती. ताण सोसण्यात ती उत्तम, वजनाला हलकी. १९७० साली त्यांवर पक्षी आदळवून पाहण्याची चाचणी झाली आणि त्यात पाती फुटली. टायटॅनियमची पाती घालणे भाग पडले. आधीच फुगलेला खर्च आणखी वाढला, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये त्या बलाढ्य कंपनीचे दिवाळे निघाले. ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. “पण गोष्ट तेथे संपत नाही,” काका म्हणाले. “पंचवीस वर्षांनी अमेरिकेत तशीच पाती पुन्हा केली, आणि ती आजतागायत चालली आहेत. काय बदलले? पदार्थात सुधारणा झाली, ती आहेच. पण पक्षी ज्या कडेवर आदळतो त्या कडेला टायटॅनियमची पट्टी बसवली. घाव कोठे बसणार ते मान्य केले. बोइंगच्या ७८७ विमानाचे तर निम्मे वजन याच जातीच्या पदार्थांचे आहे. ते विमान टिकते ते तो पदार्थ अमर आहे म्हणून नव्हे. ठरलेल्या वेळी कुणीतरी तपासतो म्हणून.”

मी माझ्या मुलीच्या सायकलच्या पोटाला लावलेली रबराची पट्टी पाहिली. कारखान्यानेही घाव कोठे बसणार ते मान्य केले होते. दगडाने मात्र दोन बोटे वरची जागा निवडली होती.

काकांनी आणखी काही साध्या गोष्टी सांगितल्या, त्या ज्यांच्या घरी अशी सायकल असेल त्यांच्यासाठी लिहितो. पडल्यावर प्रथम चिखल धुऊन सारी फ्रेम उजेडात पाहावी. संशयाच्या जागेवरून कापसाचा बोळा फिरवावा. तुटलेले तंतू असतील तर कापूस अडकतो. रेघेच्या दोन्ही टोकांना खुणा कराव्यात. रेघ खुणा ओलांडून गेली तर ती रंगाची नव्हे, हाडाची आहे. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नयेत. जोर मोजणारा पाना मिळतो तो वापरावा, कारण दगडाने जे केले नाही ते पुष्कळदा घरधन्याचा उत्साह करतो. सीटखालची नळी ॲल्युमिनियमची असेल तर या दमट हवेत ती कार्बनच्या संगतीने गंजून जाम बसते; तिला अधूनमधून काढून लेप लावावा. तंजावरच्या उन्हाची मात्र धास्ती नको. वरचा रंग शाबूत असेल तर ऊन तिला फारसे काही करीत नाही. आणि तडकलेली फ्रेम म्हणजे टाकून देण्याची वस्तू, असेही नाही. सुटलेले थर घासून काढून, त्याच दिशांनी नवे तंतू राळेत बसवून ती दुरुस्त करता येते; फक्त ते काम जाणणाऱ्याचे आहे.

“शनिवारी हिला घेऊन कोल्ली डोंगर उतरू काय?” मुलीने विचारले.

“नाणे एवढेच सांगते की येथे काहीतरी आहे,” काका म्हणाले. “ते किती खोल आहे हे नाण्याला कळत नाही, आणि मलाही नाही. मी विमानावर असतो तर ते विमान त्या दिवशी उडाले नसते. पुढे तुझे तू ठरव.”

मी काही बोललो नाही. बोलण्याची फार इच्छा होती म्हणूनच बोललो नाही. रात्री जेवताना तिने आईला सांगितले की शनिवारचा बेत तिने आपल्यापुरता रद्द केला आहे. तिच्या आवाजात राग होता. तो आमच्यावर नव्हता, दगडावरही नव्हता. बहुधा स्वतः लपवलेल्या त्या दोन दिवसांवर होता. शनिवारी ती दिवसभर खोलीतून बाहेर आली नाही. मित्रमंडळींनी पाठवलेली डोंगराची छायाचित्रे पाहत असावी.

फ्रेम दुरुस्तीला बंगळूरला गेली आणि पाच आठवड्यांनी परत आली. दुरुस्ती करणाऱ्याने थर घासतानाची छायाचित्रे पाठवली होती. वरचे थर लिंबाएवढ्या जागेत सुटलेले होते, काकांच्या पेन्सिलीने आखले होते जवळजवळ तेवढेच. पण आतले थर शाबूत होते. त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते की ही फ्रेम अशीच आणखी वर्षभरही चालली असती, किंवा पुढच्या मोठ्या उडीला गेली असती. दोहोंपैकी काय, हे सांगता येत नाही.

हे वाचून मला क्षणभर अपराधी वाटले. कदाचित ती कोल्ली डोंगर निर्धोक उतरली असती. “उगाच तुझी सहल बुडाली,” असे मी म्हटले.

“उगाच नाही, बाबा,” ती म्हणाली. “तेव्हा माहीत नव्हते. आता माहीत आहे. माहीत नसताना मला ती नीट चालवताच आली नसती. प्रत्येक उतारावर माझे लक्ष वाटेकडे न राहता त्या रेघेकडे राहिले असते.”

टिकाऊपणाविषयी माझी जी कल्पना होती ती या एका वाक्याने जागची हलली. जी वस्तू मोडत नाही ती टिकाऊ, असे मी समजत होतो. मोडत नाही अशी वस्तू नाही. लोहाराने वडिलांना जे सांगितले आणि काकांनी मुलीला जे सांगितले ते शेवटी एकच होते, की हिच्यावर नजर ठेवा. फरक इतकाच, की पोलादावर नजर ठेवायला नजर पुरते. कार्बनसाठी कान द्यावा लागतो. वडिलांची सायकल साठ वर्षे टिकली ती नुसत्या पोलादामुळे नव्हे. दर रविवारी ते ती पुसत, आणि पुसताना त्यांचे बोट त्या सुरकुतीवरून एकदा जात असे.

आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती सायकलीची नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुक्कामी माझ्यावर कार्यालयीन चौकशी चालली होती. दीड वर्षाने मी त्यातून निष्कलंक बाहेर पडलो, पण त्या दीड वर्षात मी घरी पाठवलेल्या प्रत्येक पत्रात ‘येथे सर्व कुशल’ एवढेच लिहिले. लांब असलेल्या वडिलांना कशाला काळजी, हा विचार त्यामागे होता. आणि लांब राहणाऱ्या माणसाला हा विचार फार सोयीचा असतो. आम्ही बदलीची माणसे बाहेरून उभी दिसतो. नवा गाव, नवी भाषा, नवा वरिष्ठ, मुलांची नवी शाळा. जोर येतो त्या दिशेला आम्ही आपले तंतू बरोबर घालून ठेवलेले असतात. आडव्या अंगाने बसलेला घाव मात्र रंगाखाली राहतो. एकदा दूरध्वनीवर वडील मध्येच थांबून म्हणाले होते, “तुझा आवाज आज बसका का येतो रे?”

“लाईन खराब आहे,” मी म्हणालो होतो.

त्यांनी टिचकी मारली होती, आवाज ऐकलाही होता. मी मात्र लाईन खराब आहे म्हणून सांगितले. ते १९७९ च्या गडग्यापासून माझ्या सायकलीवर नजर ठेवत आले होते. माझ्यावर ठेवू देण्याची संधी मी त्यांना दिली नाही. पुढे सांगण्यासारखे झाले तेव्हा ते ऐकायला नव्हते.

मुलगी आता बंगळूरला परत गेली आहे. जाताना तिने काकांकडून ते एक रुपयाचे नाणे मागून घेतले आणि सायकलच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवले. मी माझ्या रॅलेच्या नळीत दोऱ्याला दिवा बांधून सोडला आणि आत पाहिले. गंज आहे, पण मला वाटले होते त्याहून कमी. गावच्या सायकलवाल्याने आत तेल सोडून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

गेल्या रविवारी रात्री तिचा फोन आला. नमस्काराच्या आधी तिने सांगितले, “बाबा, आज पडले. नंदी डोंगराच्या पायथ्याशी.”

“फ्रेम?”

“नाणे मारून पाहिले. सगळीकडे सारखा आवाज आहे.”

“आणि तू?”

ती क्षणभर थांबली. “गुडघ्याला दोन टाके पडले आहेत,” ती म्हणाली, “आणि थोडी घाबरले होते.”

मी फोन कानाशी घट्ट धरला. आवाज स्वच्छ येत होता.